विमानातल्या प्रवासी सीटसाठी काढता-घालता येणारी कापडी कव्हरं: कापड, फर्मा, वेल्क्रो आणि कागदपत्रं

भोसरी_अपहोल्स्ट्री:

नमस्कार मंडळी. आमचं बसच्या सीट आणि सोफ्यांचं वर्कशॉप आहे. एटीआर ७२ विमानांच्या सीटकव्हरांची विचारणा आली आहे. एका विमानात ७० सीट, म्हणजे ३५ जोड्या. कव्हर धुण्यासाठी काढलं की दुसरं लगेच चढवता आलं पाहिजे, ही त्यांची मुख्य अट आहे. फोम बदलायचा नाही, फक्त वरचं कव्हर.

जुनी कव्हरं नमुन्याला दिली आहेत. ती उसवून त्यावरून फर्मे (कापड कापण्याचे नमुने) काढले तर चालतील का? बंद करायला चेन बरी की वेल्क्रो? कापड कोणतं आणि किती जाड घ्यावं? आणि गिरणीकडून "आग न धरणारं कापड" असं सर्टिफिकेट मिळतं, तेवढं पुरतं का? आमच्याकडे वॉकिंग फूटची सिंगल नीडल मशिनं आणि ओव्हरलॉक आहे.

केबिन_एटीए२५:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तिथे चुकलात तर बाकी सगळी शिलाई वाया जाईल.

एटीआर ७२ हे मोठ्या विमानांच्या युरोपीय नियमांखाली, म्हणजे आताच्या सीएस-२५ च्या वर्गात, प्रमाणित आहे. आपल्याला लागू होतं ते कलम २५.८५३ आणि त्याला जोडलेलं अपेंडिक्स एफ. चाचण्या दोन, आणि दोन्ही वेगळ्या गोष्टी तपासतात.

पहिली बन्सन बर्नरची. कापडाची पट्टी उभी टांगून खालच्या कडेला १२ सेकंद ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर कापड सरासरी १५ सेकंदांच्या आत विझलं पाहिजे, जळालेली लांबी सरासरी २०३ मिलिमीटरच्या, म्हणजे ८ इंचांच्या वर जाता कामा नये, आणि खाली पडलेले थेंब ५ सेकंदांपेक्षा जास्त पेटते राहू नयेत. किमान ३ पट्ट्या लागतात. विणलेल्या कापडाचे ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेने ३ आणि बाण्याच्या (आडव्या धाग्यांच्या) दिशेने ३ असे सहा नमुने द्या, कारण दोन्ही दिशांना कापड सारखं जळत नाही. त्याआधी पट्ट्या २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवतात. पावसाळ्यातलं दमट कापड थेट बर्नरखाली धरून आलेला निकाल कोणी मानत नाही.

दुसरी चाचणी तेलाच्या बर्नरची, आणि ती कापडाची नाही, अख्ख्या गादीची आहे. बैठकीचा तुकडा ४५७ बाय ५०८ बाय १०२ मिलिमीटर आणि पाठीचा ४५७ बाय ६३५ बाय ५१, असे जोडून बैठकीच्या कडेवर २ मिनिटं ज्वाळा सोडतात. वजनातली घट सरासरी १० टक्क्यांच्या आत राहावी लागते, आणि निदान दोन तृतीयांश नमुन्यांत जळालेली लांबी ४३२ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये. नियम असंही सांगतो की नमुन्यात फोम, अग्निरोधक थर आणि वरचं कव्हर हे सगळं असावं, आणि शिवण व बंद करण्याची पद्धत खऱ्या मालासारखीच असावी. म्हणजे चेन की वेल्क्रो हा प्रश्न फक्त सोयीचा नाही. ज्या गादीची चाचणी झाली तिला वेल्क्रो असेल आणि तुम्ही चेन लावलीत, तर तुमची गादी चाचणी झालेली गादी राहत नाही.

तुमच्यासाठी कामाची सवलत अशी: मूळ गादी तेलाच्या बर्नरवर उत्तीर्ण झाली असेल, तर तिच्यावर "तत्सम" कापड चढवताना ती मोठी चाचणी पुन्हा करावी लागत नाही. अट एकच, नव्या कापडाची जळालेली लांबी मूळ कापडाच्या लांबीपेक्षा जास्त नको. इथे बरेच जण फसतात. मूळ कापड ८० मिलिमीटर जळालं असेल तर तुमची मर्यादा ८० आहे, २०३ नव्हे. म्हणून ग्राहकाकडून मूळ कापडाचा चाचणी अहवाल आधी मागून घ्या. तो मिळाल्याशिवाय कापडाची ऑर्डर देऊ नका.

तत्सम म्हणजे काय, तेही ठरलेलं आहे. एफएए या अमेरिकी विमान-नियामक संस्थेच्या १९८६ सालच्या सल्लापत्रकाप्रमाणे तंतू तेच, विणीचा प्रकार तोच आणि वजन तेच. मिश्रणात ६ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. साधी वीण, जकार्ड (विणीतच नक्षी असलेलं) आणि मखमल हे तीन वेगळे प्रकार धरतात. आणि हलकं कापड सहसा जड कापडापेक्षा वाईट वागतं, त्यामुळे वजन वाचवण्यासाठी पातळ कापड घेऊन तत्सम म्हणता येत नाही.

गिरणीचं सर्टिफिकेट घ्याच, पण ते ज्या लॉटचं आहे त्याच लॉटचं कापड हातात आलं पाहिजे. त्यावर लॉट क्रमांक, दोन्ही दिशांचे आकडे आणि चाचणी कोणत्या नियमाखाली केली ते स्पष्ट हवं. घरगुती पडद्यांसाठी किंवा बसच्या सीटसाठी केलेली आगीची चाचणी इथे चालत नाही.

आता परवानगीचं. भारतात डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेच्या) सीएआर-२१ या डिझाइन-उत्पादनाच्या नियमांखाली, डिझाइनची मान्यता असलेल्या संस्थेकडून हा बदल मंजूर करून घ्यावा लागतो. बनवणं हे त्याच नियमांच्या सबपार्ट जी खालच्या उत्पादन मान्यतेत येतं, आणि माल सीए फॉर्म १ (विमानात वापरायला योग्य असल्याचा दाखला) सोबत बाहेर पडतो. सीएआर-१४५ची देखभाल संस्था स्वतःच्या हाताखालच्या कामासाठी काही भाग बनवू शकते, पण ते बाहेर विकता येत नाहीत आणि त्यांना फॉर्म १ मिळत नाही. तुमच्यासारख्या वर्कशॉपला व्यवहार्य वाट म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेच्या गुणवत्ता-व्यवस्थेखाली शिवून देणं. ग्राहकाला पहिल्या बैठकीत विचारा: डिझाइन कोणाच्या नावावर, आणि फॉर्म १ कोण देणार? दोन्हींची उत्तरं लेखी घ्या.

विणकाम_इचल:

कापडाबद्दल.

विमानाच्या कापडी सीटमध्ये सर्वांत रुळलेलं मिश्रण म्हणजे लोकर ९० टक्क्यांच्या आसपास आणि बाकी नायलॉन. वजन साधारण ३५० ते ४५० ग्रॅम प्रति चौरस मीटर. लोकर मुळात सहज पेटत नाही, वितळत नाही, जळताना तिचा फुगलेला कोळसा होतो आणि तो खालच्या थराला झाकून ठेवतो. नायलॉन घासटीला टिकावं म्हणून. नायलॉनचं प्रमाण वाढवलं तर कापड जास्त दिवस चालतं, पण वितळून थेंब पडायला लागतात. म्हणून "थोडं जास्त नायलॉन घालून मजबूत करू" हा मोह टाळा.

लोकरीवर बहुधा झिर्कोनियमची प्रक्रिया असते. ती तंतूच्या आत बसते आणि ड्रायक्लीनिंगला टिकते. याउलट नुसत्या मिठासारख्या क्षारांचा फवारा मारलेलं स्वस्त कापड पहिल्या चाचणीत उत्तम आकडे देतं, आणि दोन धुण्यांत तो क्षार पाण्याबरोबर निघून जातो. तुमची कव्हरं वारंवार धुतली जाणार आहेत, त्यामुळे अशा कापडाला हातही लावू नका. चाचणी करताना कोऱ्या कापडाबरोबरच, ग्राहक ज्या पद्धतीने साफ करणार आहे त्या पद्धतीने ठरलेल्या वेळा साफ केलेल्या कापडाचेही नमुने द्या.

लोकर घरच्यासारख्या वॉशिंग मशिनमध्ये घुसळली की आटते, कारण तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात. एकदा आटलेलं कव्हर परत ताणून बसत नाही. ड्रायक्लीनिंगच सांगा. पाण्याने धुणार असतील तर मुळात तशी प्रक्रिया केलेलं कापड हवं. कापड मऊ करणारी द्रव्यं पूर्ण बंद. त्यांचा तेलकट थर कापडावर राहतो आणि तो जळतो.

मुळात आग न धरणारं पॉलिएस्टरही मिळतं. त्यात गुण धाग्यातच असतो, धुण्याने जात नाही, आणि ते गरम पाण्यातही धुता येतं. पण ते वितळतं, आणि मूळ गादीवर लोकरीचं कव्हर असेल तर तंतू बदलला, म्हणजे तेलाच्या बर्नरची चाचणी पुन्हा.

लोकरीचं प्रमाण आणि वजन गिरणीच्या शब्दावर सोडू नका. ठाण्यात वुल रिसर्च असोसिएशन आहे, तिथे स्वतंत्रपणे तपासून घ्या. ६ टक्क्यांची मुभा वाटते तितकी सैल नसते.

हिशोब: १४० सेंटिमीटर पन्ह्यात बैठक, पाठ आणि डोक्याचा भाग धरून एका सीटला साधारण १.१ ते १.२ मीटर लागेल. ७० सीटला ७७ ते ८४ मीटर. जकार्डची नक्षी जुळवायची असेल तर १० ते १५ टक्के जास्त. धुण्यासाठी फिरता संच हवा असेल तर दुप्पट. सगळं एकाच लॉटमधून घ्या, नाहीतर प्रत्येक लॉटची वेगळी चाचणी, आणि शेजारशेजारच्या सीटवर रंगाची छटा वेगळी दिसते ती निराळीच.

फर्मा_आणि_टीप:

जुनं कव्हर उसवून फर्मा काढू नका. ते वापरात ताणलेलं असतं, आणि साफसफाईत कुठे आटलेलंही असतं. बसून दबलेल्या फोमवरून माप घेतलं तरी तीच गत. सीटच्या सीएमएममध्ये (उत्पादकाच्या देखभाल-पुस्तिकेत) गादीचं रेखाचित्र असतं, ते मागा. नवा फोम, त्यावर अग्निरोधक थर चढवलेला, असा एक संच मागा आणि माप त्यावर घ्या. जुन्या कव्हरावरून फक्त शिवणी कुठे आहेत आणि पट्ट्या कुठे चिकटतात एवढं बघा.

पद्धत: गादीवर न ताणणारं पारदर्शक प्लास्टिक पसरा, टाचण्या फक्त कडेला लावा. आधी मध्यरेषा काढा, मग शिवणरेषा, मग दर ६० ते ७० मिलिमीटरवर जुळणीच्या खुणा. वळणावर खुणा जवळ घ्या, ३० वर. प्लास्टिक कागदावर सपाट करा. जिथे ते सपाट बसत नाही तिथे एकतर शिवण हवी किंवा चिमटा (कापड दुमडून मारलेली टीप). शिवणीला १० मिलिमीटर माया (शिवणीबाहेरचं जादा कापड), वेल्क्रोच्या दुमडीला ३५.

कव्हर फोमपेक्षा थोडं लहान कापायचं. विणलेल्या लोकरीला रुंदीत दीड ते दोन टक्के पुरे, म्हणजे ४५० मिलिमीटरला ७ ते ९. त्याहून जास्त आवळलंत तर फोम दबतो आणि बसण्याची उंची बदलते. सीटच्या माहितीपट्टीवर टीएसओ-सी१२७ (सीटसाठीचं अमेरिकी मानक) असेल तर ती सीट १६ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट, धक्का-चाचणीतून गेलेली आहे. त्या चाचण्यांत सीटवर बसवलेल्या माणसाच्या पुतळ्याच्या कमरेवरचा भार १५०० पौंडांच्या आत राखावा लागतो, आणि फोमची उंची त्या हिशोबाचा भाग आहे. सैल ठेवलंत तर महिन्याभरात झोळ पडतो.

कापडाचे ताण्याचे धागे बैठकीवर मागून पुढे आणि पाठीवर खालून वर जावेत. बैठकीचा वरचा भाग आणि पुढची उतरती बाजू अखंड एकाच तुकड्यात घ्या. पुढच्या कडेवर शिवण आली की पोटऱ्या घासून दोरा तिथेच आधी तुटतो. शिवण कडेपासून निदान ४० मिलिमीटर खाली न्या. पायपिंग दिसायला सुबक, पण आर्मरेस्टजवळ तेच पहिलं फाटतं. मी तरी टाळायला सांगेन.

पाठीच्या गादीला कमरेजवळ खोलगट भाग असतो. नुसतं चढवलेलं कव्हर तिथे ताठ उभं राहतं आणि खाली पोकळी राहते. उपाय असा की शिवणीच्या आतल्या मायेला २० मिलिमीटरची लूपची पट्टी शिवायची आणि ती खाचेतल्या काटेरी पट्टीत दाबायची. ही काटेरी पट्टी अग्निरोधक थरावर आधीपासून असेल तरच. नसेल तर तुम्ही त्या थरावर स्वतः टीप मारू नका, छिद्रही पाडू नका. तो थर म्हणजे चाचणी झालेला भाग आहे, त्यातला बदल डिझाइनवाल्यांकडूनच यायला हवा.

आता वेल्क्रो, कारण काढता-घालता येण्याचा सगळा खेळ इथे आहे. वेल्क्रो घसरण्याच्या दिशेने ओढलं तर भरपूर ताकद धरतं, सोलण्याच्या दिशेने ओढलं तर सहज सुटतं. म्हणून कव्हराची कड गादीच्या उभ्या बाजूवर चिकटवून सोडू नका. ती तळाशी वळवा आणि निदान ४० मिलिमीटर आत आडवी चिकटवा. म्हणजे माणूस बसल्यावर येणारा ताण घसरण्याच्या दिशेने जातो, आणि काढताना साफसफाईवाला कोपरा धरून सोलतो तेव्हा हलकेच सुटतं.

मऊ लूप कव्हरावर, काटेरी बाजू सीटवर. उलटं केलंत तर धुताना काटे बाकीच्या कव्हरांची लोकर ओढतात. मात्र सीटवर आधीच लूप असेल तर तेच पाळावं लागेल. पट्टी २५ मिलिमीटर रुंद, आग न धरणाऱ्या दर्जाची, तिचंही सर्टिफिकेट. चारही कडांना टीप, कडेपासून २ ते ३ मिलिमीटर आत. मागून गोंद असलेली पट्टी नको, गरम झाल्यावर सरकते आणि त्या गोंदाची चाचणी झालेली नसते. कोपऱ्यात पट्टी दुमडू नका, ५ मिलिमीटर फट ठेवून दोन तुकडे लावा.

दोरा बाँडेड नायलॉन, टेक्स ७० (दोऱ्याच्या जाडीचं माप). सुई १०० किंवा ११०. टाके सेंटिमीटरला ३ ते साडेतीन. मशिनचा वेग उतरवा, नाहीतर सुई तापून नायलॉनचा दोरा वितळतो आणि टाके मध्येच गळतात. मंजूर रेखाचित्रात मेटा-अॅरामिडचा (न वितळणाऱ्या, उष्णता सोसणाऱ्या तंतूचा) दोरा लिहिला असेल तर तोच, पर्याय नाही. कापलेल्या सगळ्या कडा ओव्हरलॉक करा. लोकरीची वीण सैल असते, आणि १० मिलिमीटरची माया पाच-सहा धुण्यांत उसवून ५ वर येते.

भोसरी_अपहोल्स्ट्री:

फार उपयोगी माहिती, आभारी आहे. रेखाचित्रं आणि मूळ अहवाल आजच मागतो. अजून काही शंका. डोक्याजवळच्या भागाला लेदर लावा असं ग्राहक म्हणतोय, ते तत्सम मध्ये बसेल का? बैठकीची गादी पाण्यात तरंगणारी आहे, तिच्या कव्हरात काय सांभाळायचं? आणि कव्हर चढवताना फोम अडकतो, तेव्हा सोफ्याला आम्ही प्लास्टिकची पिशवी वापरतो, ती इथे चालेल का?

केबिन_एटीए२५:

लेदर बसणार नाही. आगीत ते जोरात आटतं आणि कसं वाकडं होईल याचा अंदाज येत नाही, म्हणून त्याच सल्लापत्रकात लेदरला तत्सम म्हणून मान्यता देऊ नये असं म्हटलं आहे. लेदर हवंच असेल तर त्या रचनेची तेलाच्या बर्नरची पूर्ण चाचणी करा. शिवाय लेदर चौरस मीटरला ९०० ग्रॅमच्या आसपास, तुमचं कापड ४००. सगळी सीट लेदरची केली तर ७० सीटमागे ५० किलोच्या वर वजन वाढेल, आणि वजन-समतोलाच्या कागदांपर्यंत ते जाईल. डोक्यावर मळ बसू नये एवढाच हेतू असेल तर वेल्क्रोचं छोटं सुटं कव्हर सुचवा. तेही कापडच आहे, त्यालाही १२ सेकंदांची चाचणी हवी.

तरंगणाऱ्या गादीला टीएसओ-सी७२ हे तरंगण्याच्या साधनांचं मानक लागू होतं. हात अडकवायचे पट्टे तळाशी असतात. कव्हराच्या तळाला त्यांच्यासाठी खाचा ठेवा, कडेला पट्टी मारून मजबूत करा, आणि कव्हर चढवल्यावर दोन्ही पट्टे पूर्ण लांबीने बाहेर येतात का ते प्रत्येक नगावर तपासा. कव्हराचं वेल्क्रो गादीला चिकटवा, सीटच्या तव्याला (गादीखालच्या सपाट भागाला) नाही. तव्याला धरून ठेवण्यासाठी मूळ डिझाइनमध्ये जेवढ्या पट्ट्या आहेत तेवढ्याच, एकही जास्त नाही, कारण प्रवाशाला गादी एका हिसक्यात उपसता आली पाहिजे. गादीवर छापलेल्या सूचना कव्हराने झाकल्या जात असतील तर त्या कव्हरावर पुन्हा याव्यात.

पट्टा, म्हणजे सीटबेल्ट, बैठक आणि पाठ यांच्या फटीतून येतो. मागची झालर तिथे रुंद केलीत तर बक्कल आत ओढलं जातं. ती बेल्टच्या दोन्ही बाजूंना कापून मोकळी ठेवा. पाठ मागे झुकवून, पुन्हा सरळ करून, दोन्ही स्थितीत बघा.

फर्मा_आणि_टीप:

पिशवीबद्दल. पातळ प्लास्टिकने फोम झाकून त्यावरून कव्हर सरकवणं ही पद्धत चांगली आहे, अग्निरोधक थरही खरवडला जात नाही. पण पिशवी पूर्ण बाहेर आली पाहिजे. आत राहिलेलं प्लास्टिक म्हणजे चाचणी न झालेलं इंधन, आणि सांडलेलं पाणीही त्यात अडकून फोम कुजतो. रंगीत पिशवी वापरा, म्हणजे तुकडा राहिला तर दिसतो. मोजून द्या, मोजून परत घ्या.

पाठीचं कव्हर उशीच्या अभ्र्यासारखं वरून खाली उतरवायचं. दोन्ही वरचे कोपरे आधी बसवा, मग मध्यरेषेची खूण फोमवरच्या खुणेशी जुळवा, मग खोलगट भागातली पट्टी मधून बाहेरच्या दिशेने दाबत जा, शेवटी खालची कड. आधी कडा चिकटवल्या की खाच कधीच नीट बसत नाही आणि आडव्या चुण्या राहतात. मागे टेबल आणि खिसा असलेलं कवच असतं, त्याच्या कडेला कव्हर इंग्रजी J आकाराच्या प्लास्टिक पट्टीने अडकवलेलं असेल तर ती पट्टी मूळ भागक्रमांकाचीच घ्या. वाचनसाहित्याचा खिसा कव्हराचा भाग असेल तर त्याच्या वरच्या कडेतलं इलॅस्टिक आणि कोपऱ्यांचे दुहेरी टाके सोडू नका. ३ पौंडांची, म्हणजे साधारण १.४ किलोची मर्यादा असते, पण लोक पाण्याच्या बाटल्या कोंबतात.

प्रत्येक कव्हराच्या आतल्या बाजूला कापडी लेबल: भागक्रमांक, कापडाचा लॉट, शिवल्याची तारीख, आणि साफसफाईच्या खुणांसाठी चौकोन. डावी-उजवी सीट वेगळी असेल तर ते ठळक लिहा. रात्रीच्या थांब्यावर कमी उजेडात कव्हरं बदलतात, आणि डावं कव्हर उजवीकडे ओढून बसवलं की आर्मरेस्टजवळची शिवण तिथेच तडकते.

सगळ्या ७० चं कापड कापण्याआधी एक जोडी पूर्ण शिवा, सीटवर चढवा, तीनदा काढा, तीनदा घाला, मग ड्रायक्लीनिंगला पाठवा आणि परत माप घ्या. एक टक्क्यापेक्षा जास्त आटलं असेल तर फर्म्यात तेवढी भर घाला आणि मगच बाकीचं कापा.

विणकाम_इचल:

त्यात एक भर. तुकडे कापताना उरलेल्या कापडातून प्रत्येक लॉटचा अर्धा मीटर, पूर्ण पन्ह्याचा, लेबल लावून ठेवा. पुढे ऑडिटमध्ये किंवा ग्राहकाच्या तक्रारीत पुन्हा सहा पट्ट्या जाळून दाखवायची वेळ आली तर तेच कापड हातात हवं.

भोसरी_अपहोल्स्ट्री:

ठीक. पहिली जोडी शिवून, साफ करून, आधीची आणि नंतरची मापं इथेच टाकतो.

केबिन_एटीए२५:

मापांबरोबर मूळ कापडाची जळालेली लांबीही टाका, दोन्ही दिशांची. ताण्याचा आणि बाण्याचा आकडा वेगळा असेल तर नव्या कापडाची तुलना त्या-त्या दिशेशी करा, दोघांची सरासरी काढून नको.